अर्धं सीताफळ
पिकलेल्या सीताफळाचा वास आला की नांदुऱ्याच्या बसस्टँडवरचा सिमेंटचा बाक आठवतो. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती आणि जळगाव जामोदच्या एका विधवा शिक्षिकेशी माझं जमलं होतं. साठी जवळ आलेली, तरी आम्ही कॉलेजच्या पोरांसारखे बाजाराच्या दिवशी तिथं चोरून भेटायचो. त्या दिवशी ती म्हणाली, "आता घरी सांगा. मले असं लपून बसणं जमत नाही." मी हो म्हटलं. तिनं खुशीत सीताफळ फोडून अर्धं मला दिलं. तेवढ्यात माझा मुलगा समोर उभा. "बाबा, इथं काऊन बसले? अन् ह्या कोण?" मी बियांसकट घास गिळला. "काय मालूम! मोताळ्याची गाडी विचारून राह्यल्या." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग "उपकार झाले, भाऊ," म्हणत उठली आणि तिच्या गावाच्या उलट दिशेच्या मोताळ्याच्या गाडीत चढली. तिचं अर्धं सीताफळ तिच्या हातातच होतं. गाडी गेल्यावर मुलगा म्हणाला, "एकच फळ दोघं खाऊन राह्यले होते, बाबा. मले समजत नाही का? आम्ही कुठं नाही म्हणत होतो?" घरी येऊन मी फोन लावला. "राँग नंबर, भाऊ," एवढंच ती बोलली. बाईंनीच माघार घेतली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. आता सून अख्खं सीताफळ माझ्यापुढं ठेवते. मला अर्ध्याच्या पुढं जात नाही.