पत्रिकेवर नाव कुणाचं?

"अण्णा, ह्यातली एकबी पत्रिका मला चालणार न्हाय," असं म्हणत महादेवीअक्कांनी प्रूफचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

अक्कांचं नवी पेठेत साड्यांचं छोटं दुकान आहे, माझी छपाईची प्रेस. त्यांच्या समोरच मोठी शोरूम उघडली होती. दुकान भाड्यानं देऊन टाका, म्हणून दीर मागे लागले होते. अक्कांनी एका दिवाळीची मुदत मागून घेतली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नाव छापून दिवाळी खरेदीच्या आमंत्रणाची पत्रिका पाठवायचं ठरवलं. पत्रिका घेऊन येईल त्याला सूट.

मी आधीच विरोध केला होता. ऑफसेटवर एकदा प्लेट बनवली की हजारो कागद एकसारखे निघतात, स्वस्त पडतात. दर कागदावर नाव वेगळं हवं तर डिजिटल मशीन लागतं. तिथं कितीही छापा, एका कागदाचा खर्च फारसा उतरत नाही. वर टपालखर्च आहेच.

"त्यापेक्षा पेपरात हँडबिलं टाका," मी म्हटलं.

"हँडबिलावर लोक भजी खात्यात. आपल्यात नाव न घालता कुणी लग्नाला बोलावतंय व्हय?"

पण बाई हिशेबाला पक्की. दोनदा तरी खरेदी केलेली गिऱ्हाइकं ठेवली, बाकीची काढली. पाकीटही काढून टाकलं. कार्डाची घडी घालून त्यावरच पत्ता. खर्च निम्म्यावर आला. हे मला सुचलं नव्हतं, याचं खरंच कौतुक वाटलं.

मग प्रूफमध्ये बिघडलं काय?

"सगळीकडं श्री. अमुक, श्री. तमुक! साडी काय हे नेसणार हायत?"

बिलं नवऱ्यांच्या नावानं होती, कॉम्प्युटरनं तीच नावं उचलली होती.

"मग सगळीकडे 'सौ.' लावून देतो."

"आणि ज्यांचे मालक वारले, त्यांना कसं वाटंल? बाईचं स्वतःचं नाव, पुढं अक्का. बस्स."

मग दोन-तीन दुपारी त्या माझ्या प्रेसमध्ये बसून फोन करत होत्या. सीमेवरच्या मैंदर्गीकडच्या गिऱ्हाइकांशी कानडीत. "अक्कन हेसरु हेळ्री," म्हणजे तुमच्या घरच्या अक्कांचं नाव सांगा. काही नवरे संशयानं विचारत, नाव कशाला पाहिजे? एक म्हातारबाबा बायकोचं नाव घ्यायला इतके लाजले, की त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. आम्ही मशीन थांबवून हसलो.

दिवाळीत बायका ती कार्डं हातात घेऊन दुकानात आल्या. मैंदर्गीच्या शिवलिंगव्वा मात्र रिकाम्या हातानं आल्या.

"माझ्या नावानं टपाल कवा आलंच नव्हतं. ते देवापाशी ठेवलंय. कार्ड न्हाय म्हणून सूट न्हाय, असं करू नका हं!"

अक्कांनी सूट दिली, वर चहा पाजला. मी तिथंच उभा होतो. माझ्या इतक्या वर्षांच्या छपाईत कुणी माझा कागद देवापाशी ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

छपाई महागच पडली, पण विक्रीतून तो खर्च निघून वर पैसे उरले. समोरची शोरूम चालूच आहे. अक्कांचं दुकानही चालू आहे, आणि दिरांनी भाड्याचा विषय सोडला आहे.

ही बातमी ऐकून एक मोटारपंपवाले आले. कुठून तरी मिळवलेली उजनीकाठच्या शेतकऱ्यांची नावं त्यांच्याकडे होती.

"आमालाबी तसंच पायजे, नाव घालून."

"यातले किती जण तुम्हाला ओळखतात?"

"अजून कुणीच न्हाय की."

"मग हँडबिलं छापा," मी म्हटलं. "स्वस्तात पडतील."