डावीकडे ठेवलेला पत्रा

सकाळचे सात चाळीस. बाई टेबलाशी बसल्या आहेत. ट्यूबलाइट टेबलाच्या कडेला, डोळ्यांच्या रेषेत लावलेली आहे. पत्रा तिरका धरला की उजेड त्यावरून सरपटत जातो आणि वरून न दिसणारं दिसू लागतं. पहिला पत्रा त्यांनी उजेडात फिरवला, कडेवरून अंगठा नेला आणि उजवीकडे ठेवला. दुसरा डावीकडे.

हा कारखाना जुने लॅपटॉप नव्यासारखे करून विकतो. अॅल्युमिनियमच्या कव्हरला इथे सगळे पत्राच म्हणतात. बाई तपासनीस. उजवीकडचा पत्रा पास, तो जोडणीला जातो. डावीकडचा नापास. तो ढीग अकराला पॉलिशवाला उचलतो. मागच्या खोलीत सोड्याच्या टाकीत पत्र्यावरचा जुना रंगीत थर उतरतो, घासणी होते, बारीक काचमण्यांचा मारा बसतो आणि नवा थर चढतो. चिठ्ठी नाही, विचारणा नाही. डावीकडे ठेवलं की विषय संपला. बाईंना मागच्या खोलीत ‘घार’ म्हणतात, हे बाईंनाही माहीत आहे.

अॅल्युमिनियमला काही होत नाही, असा लोकांचा समज असतो. चार्जरच्या भोकापाशी त्याचा रंग उडतो, पिशवीच्या चेनला घासून कडा पांढऱ्या पडतात आणि मनगटं टेकतात तिथला थर घामाने खाल्ला जातो. आधी डाग पडतो, मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. प्रत्येकाच्या घामाने असं होत नाही. ज्यांच्या होतं ते ‘खारट हाताचे’.

बाईंची मुलगी खारट हाताची होती. परक्या भाषेतल्या मालिकांचे संवाद ती घरी बसून लिहून द्यायची. दिवसभर डावं मनगट पत्र्यावर आणि उजवा हात हनुवटीला. त्यामुळे डावीकडचा डाग मोठा, आणि त्याच्या कडेला घड्याळाच्या पट्ट्याने ओढलेल्या ओरखड्यांची रांग. तुझ्यापुढे लोखंडही टिकायचं नाही, असं आई म्हणायची. आमच्यासारख्यांमुळेच तुझी नोकरी टिकलीय, असं लेक ऐकवायची.

मेंदूज्वराने ती गेली, त्याला अजून वर्ष व्हायचंय. तिचा लॅपटॉप बैठकीच्या खोलीत आला. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. वडील रोज संध्याकाळी तो उघडतात, त्या खडबडीत जागेवर डावा हात ठेवतात आणि बातम्या संपेपर्यंत बसून राहतात. मध्यंतरी बिजागरी तुटली आणि पडदा मागे कलंडायला लागला. ते बायकोला म्हणाले, “बिजागरी तेवढी करून आण. बाकी कशाला हात लावू देऊ नकोस.”

बाईंनी तो जोडणीवाल्याकडे दिला. त्याने तो खोलला. बिजागरीची बैठकच फुटली होती. ती चिकटवून वाळेपर्यंत थांबावं लागणार होतं. मनगटं टेकतात तो वरचा पत्रा त्याने सुटा करून बाईंच्या हातात दिला. माझ्या टेबलावर पसारा आहे, हा तुमच्यापाशीच बरा, म्हणाला. बाईंच्या समोर अर्धा लॉट पडला होता. त्यांनी पत्रा घेतला, सवयीने उजेडात तिरका धरला, अंगठा डागावरून फिरवला. पुढचं त्यांना आठवत नाही. पण तो डावीकडेच ठेवला गेला. असा पत्रा हाताखाली आला की त्यांचा हात दुसरीकडे जातच नाही. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं आणि त्या उठल्या.

पॉलिशवाल्याला सगळे मामा म्हणतात, त्याच्याहून मोठे असलेलेही. अकराला ढीग उचलताना मामांनी तो पत्रा ओळखला. बाईंना मुलीचा लॅपटॉप घेऊन येताना त्यांनी सकाळी पाहिलं होतं. बाईंनी स्वतःच डावीकडे ठेवलाय म्हणजे मन घट्ट केलेलं दिसतं, असा त्यांनी अर्थ लावला. त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत.

चारच्या सुमाराला ते मऊ फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले.

“ताई, हा लॉटात नाही टाकला. एकटा घेतला.”

बाईंनी फडकं उलगडलं. मग पत्रा उजेडात धरला. खोल गेलेला खड्डा नव्या थराखालूनही काळ्या ठिपक्यासारखा वर येतो. असे कितीतरी पत्रे त्यांनी मामांच्या तोंडावर परत पाठवले होते. त्यांनी डावी बाजू पाहिली, पत्रा उलटा फिरवून पुन्हा पाहिली. डोळे मिटून अंगठा फिरवला. ओरखड्यांच्या जागी नख लावून पाहिलं. इतका वेळ त्यांनी कुठल्याच पत्र्यावर घालवला नव्हता.

“एखादा तरी ठिपका सापडलाच असेल,” मामा हसून म्हणाले. “त्याशिवाय तुमचा दिवस कसा जाणार?”

“नाही सापडला,” बाई म्हणाल्या. “पास आहे.”

मामा बघत होते, म्हणून त्यांनी पत्रा उजवीकडे ठेवला. घारीने आज एकदाचं पास केलं, असं मामांनी मागच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

जोडलेला लॅपटॉप घेऊन घरी पोचल्यावर बाईंनी चप्पलही काढली नाही. दारातच नवऱ्याला सगळं सांगितलं. मामांना काही बोलू नका, माझ्याच हातून झालंय, एवढं दोनदा सांगितलं.

नवऱ्याने लॅपटॉप मांडीवर घेऊन उघडला. पडदा ताठ उभा राहिला. डावा हात नेहमीच्या जागी ठेवला. थोडा वर सरकवला, थोडा खाली; अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा.

“बिजागरी चांगली बसलीय,” ते म्हणाले.

बातम्या लागायच्या होत्या. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि कपाटात ठेवून दिला. बाई तशाच दारात उभ्या होत्या.

“आत ये,” ते म्हणाले. “चप्पल काढ.”

उद्याचा लॉट साडेसातला टेबलावर येतो. डावीकडचा ढीग मामा अकराला उचलतात.