कट्ट्यावरचं छप्पर

“बोर्डावर आमच्याच तालमीचं नाव येणार.”

“मग खांब बी तुमीच रोवा की.”

शिवाजी पेठेतल्या दूधकट्ट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध विकतात त्या उघड्या जागेवर, दोन तालमींच्या वस्तादांचं हे भांडण गौराबाईनं धार काढता काढता ऐकलं. तिथून दोन्ही तालमी मिळून कट्ट्यावर घालणार होत्या त्या छपराचं काम दोन वर्षं अडलं. पाऊस चरवीत पडायचा आणि गिऱ्हाईक विचारायचं, “मावशी, पाणी घालाय लागला व्हय?” जन्मात दुधात पाणी न घातलेल्या बाईच्या ते फार जिव्हारी लागायचं.

दोन्ही वस्ताद रोज तिच्याच म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे. एके सकाळी तिनं दोघांचेही पेले पालथे घातले.

“आदी छप्पर, मग धार. नावच पायजे तर माज्या म्हशीचं घाला.”

नवव्या दिवशी छप्पर उभं राहिलं, बिनबोर्डाचं.

परवाच्या श्रावणात गौराबाई गेली. त्या सकाळीही तिनं कोरड्यात बसून धार काढली, गल्लीतल्या बाळंतिणीला तांब्याभर दूध पोचवलं आणि म्हैस घेऊन घराकडं वळली.