दफनाला कोण कोण होतं

…तर नेली ऐन्सवर्थ डोक्यावरची काळी हॅटही न काढता थेट सेड्रिक थॉर्नबरच्या खोलीत घुसली, इथवर काल आलो होतो. पण हा थॉर्नबर काय चीज होता ते राहिलंच.

गडी मूळचा घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज छापून गिरणीतल्या मजुरांना विकणारा. त्याचा एकही घोडा कधी पहिला आला नाही. याचं मात्र बस्तान बसलं. मग बायकांचं मासिक काढलं. पुढे स्वेटरचे नमुने, मागे कोणाचा घटस्फोट कशापायी. पाद्र्याने चर्चमध्ये नाव घेऊन झोडपला, तर याने ते प्रवचनच छापलं, आणि अंक दुपारच्या आत संपला! लाज म्हणून जे काही माणसाला जन्मतः मिळतं, ते याच्या वाट्याला आलंच नव्हतं. शेवटी त्याने गावचं साप्ताहिकही गिळलं.

लँकाशायरच्या त्या गावात रीत अशी, की दफनाला कोण कोण आलं ते साप्ताहिकात नावानिशी यायचं. वार्ताहर चर्चच्या दारात उभा राहून एकेकाला नाव विचारायचा. थॉर्नबरने वार्ताहराला हाकललं आणि कचेरीत बसून स्वतःच नावं ठोकून द्यायला लागला. एकदा तर ज्याला पुरलं त्याचंच नाव हजर मंडळींत! "चला, एकदा तरी वेळेवर पोचला," म्हणत गाव महिनाभर हसलं.

नेलीला कुठलं हसू? तिचा नवरा विल्फ, मालक कर्शॉच्या गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. पट्ट्यावरची संरक्षक जाळी मालकानेच काढायला लावली होती, हे सगळ्या खात्याला ठाऊक. दफनाला कर्शॉ फिरकला नाही, एक फूल धाडलं नाही. आणि साप्ताहिकात पहिलंच नाव, 'अत्यंत शोकाकुल श्री. कर्शॉ'. पुढचा अंक निघाला की लगेच विल्फच्या मृत्यूला जबाबदार कोण याची सरकारी चौकशी होती, आणि पंच म्हणून बसणार होते गावातलेच दुकानदार. शेजारची डोरा कुंपणावरून म्हणालीसुद्धा, "काही म्हण नेली, मालकाला लागलं गं मनाला!"

"तू होतीस ना तिथे? दिसला तुला?"

"दिसला नाही. पण छापलंय ना बाई!"

हेच पंच म्हणणार, एवढं नेलीला कळलं आणि तिने तडक कचेरी गाठली.

थॉर्नबर बशीतली उकडलेली वजडी व्हिनेगर शिंपडून मिटक्या मारत खात होता.

"या, मिसेस ऐन्सवर्थ. चहा घेणार?"

"चहा घाल चुलीत. कर्शॉ आला नव्हता, एवढी एक ओळ छाप. येत्याच अंकात."

"अहो, त्यांना यायचं होतं मनातून."

"मग तसं छाप, मनातून आला म्हणून! विल्फला मातीत घालायला मी उभी होते, तू नव्हतास. तो कर्शॉ पानभर जाहिरात देतो तुला, म्हणून त्याला रडवलास होय रे? माझ्या डोळ्यांत बघ आणि सांग, आला होता तो?"

थॉर्नबरने मिशीवरचं व्हिनेगर पुसलं, चेहरा अगदी देवमाणसासारखा केला आणि म्हणाला,

"नव्हता आला. पण चूक कबूल करणं आमच्या पेपरात बसत नाही हो. एक करतो, तुमच्या दफनाला त्यांचं नाव आत्तापासूनच पहिलं लावून ठेवतो. शब्द आहे माझा."