साहेब येणार म्हणून

वाणगावजवळ आमची मिरचीची वाडी आहे. रस्त्यापासून तिथवर जायला एकच वाट होती, टेम्पो जेमतेम जाईल एवढी, आणि ती चुलत काकांच्या जागेतून जायची. वडील गेले आणि वर्षभरात काकांनी वाटेच्या तोंडावर तारा ठोकल्या. तेव्हापासून आई मिरचीचे क्रेट डोक्यावर घेऊन लोकांच्या बांधांवरून रस्त्यापर्यंत जाते. वाट मिळाली नाही तर वाडी सोडावी लागणार, हे आम्हा दोघींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून पालघरच्या कोर्टात दावा लावला.

मी बोईसरला राहते, तिथेच कारखान्यात नोकरी करते. तारखेला अर्धी रजा टाकायची, आईला घेऊन पालघर गाठायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. कधी न्यायाधीश रजेवर, कधी काकांचे वकील आजारी. त्या वकिलांना इतके आजार होते की माणूस जिवंत कसा, याचंच मला नवल वाटायचं. काका समोरच्या बाकावर बसत. त्यांना बघून आई डोक्यावर पदर घ्यायची आणि विचारायची, "भावजी, जेवून आलाव ना?" माझं डोकं तापायचं. मी काही बोलले की म्हणायची, "मंग काय तोंड फिरवू?"

गावातलं कुणी साक्षीला येईना. दोन्ही घरं आपलीच, आम्हाला मध्ये ओढू नका, असं म्हणून सगळे मोकळे झाले. शेवटी कोर्टाने कमिशनर नेमला. आमचे वकील म्हणाले, "ते जागेवर येऊन वाट स्वतः बघतील. साक्षीदार नसले तरी चालेल." कित्येक वर्षांत पहिल्यांदा आईच्या चेहऱ्यावर तजेला आला.

कमिशनर आले त्या सकाळी मी वाडीवर पोहोचले तर वाट ओळखूच येईना. वाटेच्या दोन्ही बाजूंना आजोबांनी लावलेलं शेराच्या झाडांचं कुंपण होतं, मनगटाएवढ्या जाड खोडांचं. ते नाहीसं झालं होतं. आईने दोन बायका लावून सगळं तोडलं होतं, साहेबांच्या पायात खुंट यायला नको म्हणून मुळंही खणून काढली होती. तोडलेलं वाळवून, भाताच्या रोपांची जागा भाजायला राबावर जाळूनही झालं होतं. वाट आणि काकांची जमीन आता एकसारखी, सपाट आणि चकाचक.

"आई, हे काय केलंस?"

"साहेब येनार, आनि आपन त्यांना जंगल दाखवाचा काय?"

आमच्याकडे सरकारी माणूस येणार म्हटलं की अंगण सारवतात, गवत काढतात. आईने तेच केलं होतं, फक्त जास्त मनापासून. कुंपणाचा फोटोसुद्धा आमच्याकडे नव्हता. कुंपणाचे फोटो कोण काढतं?

साहेबांनी टेप लावून मोजलं, आईने सोललेले ताडगोळे खाल्ले आणि म्हणाले, "छान स्वच्छ ठेवलंय हो." काका हाताची घडी घालून उभे होते. त्या दिवशी त्यांना एक शब्दही बोलावा लागला नाही.

अहवाल आला. जागेवर जुन्या वाटेची कोणतीही खूण आढळली नाही, असं त्यात होतं. पुढे दावा फेटाळला. वकील म्हणाले, अपील करता येईल. त्यांच्या आवाजावरूनच कळलं की त्यात काही दम नाही.

बाहेर रिक्षास्टँडवर आलेली रिक्षा आईने सोडून दिली. मग म्हणाली, "मी साफ केला नसता तर जिंकलो असतो का गं?"

तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "नाही गं. तरीही हरलोच असतो. काकांचे हात वरपर्यंत पोहोचलेत."

वाटलं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल.

"मंग एवडी वर्सं आपन येत कशाला होतो?"