पालथा न घातलेला पेला

"पालथा नको घालूस रे!" हे मावशीचं पालुपद. पेला दुसऱ्याच्या हातात गेला की तिचा तळवा त्याच्याखाली यायचा, आतलं सांडेल म्हणून. तुम्ही बघितलं असतं तर हसला असतात, कारण पेला बहुतेक वेळा रिकामाच असायचा.

मुठीत मावेल एवढा तो जुना चांदीचा विलायती पेला. नव्वद सालानंतर मी रोह्याच्या एका कंपनीत लागलो आणि मावशीच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. नेसायची नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, बोलणं आमच्या गडब गावच्या बायकांसारखंच. शुक्रवारी दिवेलागणीला काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात काठोकाठ भरायचं, प्रार्थना म्हणायची, मग एक घोट मलाही.

पेला आला कुठून, हे मला कायम विचारावंसं वाटे.

"आज्याला सायबानं दिला, धरमतरच्या धक्क्यावर."

पुढच्या शुक्रवारी साहेबाच्या जागी मडम यायची.

"मावशी, नक्की कोणी दिला गो?"

"नवराबायकोच ना ती? एकाच घरातला पेला!"

तिचे भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले होते. शेवटी तिकडच्या मुलानं तिचंही तिकीट काढलं. पेणचा एक सराफ मला म्हणाला, "शंभर वर्षांपुढची वस्तू असली तर विमानतळावर अडवतील. बुडाला शिक्के असतात. त्यातल्या अक्षरावरून साल कळतं."

हे ऐकून मावशी खाली बसली. "पेला नाय तर मीपण नाय. तिकडं शुक्रवारी काय स्टीलच्या फुलपात्रात पिऊ?"

मग वाचन झालं. पालथा घालायचा नाही, म्हणून तिनं पेला डोक्याच्या वर सरळ धरला आणि मी जमिनीवर उताणा.

"एक सिंह हाय."

"मांजर आसंल. अक्षर सांग, गॅज्वेट!"

आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेला मी पहिला. हे तिला मीच दहादा ऐकवलं होतं. पण अक्षर पार पुसट. सराफाकडून भिंग आणतो म्हटलं.

भिंग घेऊन आलो तर पेला लखलखत होता. चिंच लावून, वर रांगोळीनं तिनं बूड घासघासून काढलं होतं. "तुला नीट वाचता यावं म्हणून," ती म्हणाली. मी पुन्हा उताणा झालो. सिंहाची शेपटी तेवढी उरली होती.

"काय लिवलंय?"

"काय नाय गो आता."

"मग आडवतील?"

"कोण जाणे. विचारलं तर लपवू नको."

"लपवू कशाला? माझ्या आज्याचा हाय."

विमानतळावर मी काचेबाहेर उभा होतो. आत अधिकाऱ्यानं पिशवीतून पेला काढला, उलटा करायला गेला आणि दचकून थांबला. आवाज माझ्यापर्यंत आला नाही, पण ती काय ओरडली ते मला ठाऊक होतं. तिचा तळवा पेल्याखाली गेलाच होता. काहीतरी विचारणं झालं, मावशीनं दोन्ही हात हलवून बरंच काही सांगितलं. त्या दिवशी साहेब होता की मडम, देव जाणे.

मग त्या युनिफॉर्मातल्या माणसानं पेला सरळच धरून डोक्याच्या वर नेला, मान मागं टाकली आणि खालून बराच वेळ बघत राहिला. दिसलं काहीच नसणार. त्यानं दोन्ही हातांनी पेला तिला परत दिला.

मावशीनं तो पदरानं पुसला, आणि पिशवीत न ठेवता हातातच धरून, जपून पावलं टाकत आत गेली, काठोकाठ भरलेला असावा तसा.