मेणातला करार

साक्षीदार म्हणून सही करायला मी वकीलबाईंच्या कचेरीत गेलो आणि बाहेर पडलो तो कवळीवाल्या ताईंचा जोडीदार होऊन. अर्थात कागदोपत्री. चूक सर्वस्वी माझी. चष्मा घरी राहिला होता, आणि तो राहिलाय हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा बोट दाखवतील तिथे सही ठोकून मोकळं व्हावं, हा सोपा मार्ग मी पत्करला. वकीलबाईंनी बोट दाखवलं. मी बोटाच्या जरा वर सही केली, चांगली लफ्फेदार, खाली दोन टिंबं देऊन. त्या जागी 'दुसरा पक्ष' असं छापलेलं होतं.

वकीलबाईंनी कागद उचलला आणि कोरड्या आवाजात वाचून दाखवला. या करारानुसार ताई आणि मी यापुढे लग्नाशिवाय एकत्र राहणार होतो. आजारपणात एकमेकांच्या वतीने निर्णय घेणार होतो. ताईंच्या माघारी त्यांच्या घरात तहहयात राहण्याचा हक्क माझा होता. खरा दुसरा पक्ष, म्हणजे लिफ्टवाले, माझ्या शेजारीच पेन उघडून बसले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"यांच्याबरोबर नाही राहायचं मला," ताई वकीलबाईंना म्हणाल्या. "हे घोरतात. टाळूवरून कळतं."

स्टॅम्पपेपर वाया गेला. वकीलबाई दुसऱ्या दिवशी रजेवर निघाल्या होत्या, त्यामुळे नवा कागद आणि नवी तारीख आठ दिवसांनंतरची. आठ दिवसांनी असं काय बिघडणार, असं मी दोघांना समजावलं. स्वतःच्या चुकीनंतर माणूस फार समजूतदार होतो.

ताईंना आमच्या भागात ओळखत नाही असा माणूस नाही, निदान पन्नाशीच्या पुढचा तरी नाही. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात आणि ताई त्यांवरून कवळ्या बनवतात. खाली रस्त्यालगत कामाची खोली, वर दोन खोल्यांचं घर. खालच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, शेकड्यांनी. पहिल्यांदा आत शिरणाऱ्याला वाटतं, अख्खं गाव आपल्याला हसतंय. ताईंची बोटं कायम प्लॅस्टरने पांढरी, अंगात जाड कापडाचा एप्रन, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी खुर्ची धरावी.

ताईंना नावं लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात. टपाल आणणाऱ्याला त्या 'खालचे चार' म्हणतात. गेली बारा वर्षं मी 'वरचा पूर्ण संच' आहे. मी लिहितो हे त्यांना माहीत आहे, पण माझ्या विनोदाला त्या हसत नाहीत. मी हसलो की माझे दात नीट बसलेत का ते बघतात. साक्षीदार म्हणून मलाच का निवडलंत असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, लिहिता ना तुम्ही, सही तरी धड येत असेल.

लिफ्टवाले त्यांच्याकडे आले ते सात वर्षांपूर्वी. एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करताना पाना सटकला आणि समोरचे दोन दात गेले. आता, कवळी पक्की करण्याआधी ती मेणात बसवून बघायची असते. माणसाच्या तोंडात घालायची, त्याला बोलायला लावायचं, आरसा दाखवायचा, कुठे टोचतंय ते विचारायचं. साधारणपणे एका फेरीत काम होतं, फार तर दोन. लिफ्टवाल्यांच्या दोन दातांना पाच फेऱ्या लागल्या. दातांत खोट होती असं मला कधीच वाटलं नाही. सहाव्या वेळी ते ताईंचं पॉलिशचं मशीन दुरुस्त करायला आले, मग वरचा नळ, मग खिडकीची बिजागरी. एक दिवस हत्यारांची पेटी तिथेच राहिली, आणि पेटीमागोमाग पेटीचा मालक. ते ताईंना तेव्हाही 'मॅडम' म्हणत आणि आजही 'मॅडम'च म्हणतात. वरच्या स्वयंपाकघरातून खालच्या खोलीत चहा यावा म्हणून त्यांनी दोरी आणि दोन कप्प्या लावून बुटाच्या खोक्याएवढी एक लिफ्ट करून दिली आहे. खालून दोरी ओढली की वर घंटी वाजते, चहा येतो, आणि थेंब सांडत नाही.

करारात 'एकत्र राहण्यास केव्हापासून सुरुवात' असा रकाना होता. ताई म्हणाल्या, नळापासून. लिफ्टवाले म्हणाले, छे, पेटीपासून. यावर दोघं वकीलबाईंसमोर वीस मिनिटं वाद घालत बसले. शेवटी वकीलबाईंनी 'सुमारे सात वर्षे' लिहून सुटका करून घेतली.

मी एकदा भीत भीत विचारलं होतं, की सरळ लग्नच का नाही करत. तरुणपणी एकदा करून पाहिलं, ताई म्हणाल्या, बसलं नाही. पुढे विचारायची सोय नव्हती.

तरीही त्यांना कागद हवासा वाटला तो गेल्या वर्षीपासून. पित्ताशयाच्या दुखण्याने ताई अचानक आडव्या झाल्या, लिफ्टवाल्यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसाने अर्जावर विचारलं, पेशंटशी नातं काय? लिफ्टवाल्यांनी टोपी काढली, बराच विचार केला आणि खरं ते सांगितलं, मी यांच्याकडे राहतो. त्याने लिहिलं, भाडेकरू.

भाडेकरूशी डॉक्टर काय बोलणार? ताईंच्या भावाला दुसऱ्या गावाहून बोलावणं गेलं. तो येऊन सही करेपर्यंत पाच तास ऑपरेशन थांबलं. ते पाच तास लिफ्टवाले बाहेरच्या बाकावर होते. नर्सने कुठल्याही कामासाठी दार उघडलं की हे उठून उभे राहत. शुद्धीवर आल्यावर ताईंना हे सगळं भावाकडून कळलं. त्या रडल्या नाहीत, घरी आल्यावर वकीलबाईंचा नंबर शोधला. एकच कागद, त्यात आजारपणही आणि घरही. दोन्ही किंवा काहीच नाही, हा ताईंचा हट्ट.

तर माझ्या सहीने मिळालेल्या आठ दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी लिफ्टवाले माझ्या दारात उभे. पाणी प्यायले, पंख्याचा आवाज ऐकून त्याला तेल द्यायला हवंय असं म्हणाले, आणि मग हळूच मुद्द्यावर आले. माझ्या हातून कागद बिघडला ते एका परीने बरंच झालं, त्यांना विचार करायला वेळ मिळाला. दवाखान्याचं कलम हवं. घराचं नको. ताईंचा भाचा, म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा, मागे एकदा घरी आला होता आणि यांना बघून सहज म्हणाला होता, "तुम्ही अजून इथेच?" ते तीन शब्द लिफ्टवाल्यांच्या मनात कुसळासारखे रुतून बसले होते. उद्या लोक म्हणतील, म्हातारा घरासाठी चिकटून राहिला. ते काही नको. आणि हे मॅडमना सांगायचं धाडस त्यांना होत नव्हतं, तेव्हा मी सांगावं.

नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं. मी गेलो. ताई वाडग्यात प्लॅस्टर कालवत होत्या. मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं मऊ करून. त्यांचा हात थांबला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मेणात बघू."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं, की मेणात चूक निघाली तर बोटाने सरकवता येते. पक्कं झाल्यावर घासत बसावं लागतं, आणि दुखतं ते ज्याच्या तोंडात आहे त्याला. मग त्यांनी चहाच्या लिफ्टची घंटी वाजवून लिफ्टवाल्यांना खाली बोलावलं.

"समजा, मी गेले," त्या म्हणाल्या. "आज, आत्ता. घराचं कलम नाही. उद्या भाचा कुलूप लावायला येतोय. निघा."

लिफ्टवाल्यांना ती थट्टा वाटली. पण ताईंनी वर जाऊन कपाटावरच्या दोन बॅगा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. दोघं हट्टाला सारखेच. लिफ्टवाल्यांनी कपडे भरले, रेडिओ भरला, हत्यारं भरली. भिंतीवरच्या फळ्या त्यांनीच ठोकलेल्या होत्या, त्यांच्याकडे बघितलं आणि राहू दिल्या. चहाच्या लिफ्टपाशी मात्र त्यांचे पाय थबकले.

"मॅडम, ही दोरी दर सहा महिन्यांनी बदलायची."

"मी गेलेय," ताई म्हणाल्या. "मला काय सांगताय?"

मी काढता पाय घ्यायच्या बेतात होतो. ताईंनी दुसऱ्या बॅगेकडे बोट दाखवलं. हे तुमच्यामुळे झालंय, उचला. हत्यारं त्याच बॅगेत होती.

बसस्टॉप कोपऱ्यावरच होता. आम्ही दोघं बाकावर बसलो, पायाशी बॅगा. पहिली बस आली. ड्रायव्हरने दार उघडून आमच्याकडे बघितलं, आम्ही त्याच्याकडे बघितलं, तो निघून गेला. ओळखीच्या एक बाई पिशवी सांभाळत आल्या आणि बाहेरगावी निघालात का म्हणून विचारू लागल्या. लिफ्टवाले हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग त्यांनी टोपी नीट केली. दुसरी बस आली, गेली. मी हवापाण्याचं काहीतरी बोललो. त्यांनी ऐकलं नाही.

"तीस वर्षं अडकलेली माणसं बाहेर काढली मी," ते म्हणाले. "माणूस घाबरलेला असतो. त्याला बोलतं ठेवायचं म्हणून आधी विचारायचं, कितव्या मजल्यावर जायचं होतं? कितीही घाबरलेला असला तरी तेवढं सांगता येतं त्याला."

तिसरी बस आली. या वेळी ते उठले. पण त्यांनी बॅग उचलली ती घराच्या दिशेने.

परतीला वेळ लागला, कारण मी दर दहा पावलांवर बॅग खाली ठेवत होतो. आत आलो तर ताई आपल्या स्टुलावर, हातात कुणाचा तरी खालचा जबडा. वाडग्यातलं प्लॅस्टर दगड होऊन बसलं होतं आणि चमचा त्यात खांबासारखा उभा. चिमूटभर प्लॅस्टर वाया गेलं तर दिवसभर हळहळणाऱ्या बाई या. रागाने ठेवलं असेल तसंच, अशी मी मनाशी समजूत घातली.

लिफ्टवाल्यांनी बॅग ठेवली. "मॅडम, कुठे जायचं ते सुचलं नाही."

"कुठे टोचलं?" ताईंनी विचारलं. अगदी गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

मग त्यांनी सांगितलं. घर हवं होतं, ते नको नव्हतंच. पण ते मॅडमच्या माघारी, कागद पुढे करून, भाच्याशी भांडून मिळायला नको होतं. जे काही सांगायचं ते मॅडमनी स्वतः सांगावं, आणि आता, जित्याजागत्या असताना.

ताईंनी एप्रनला हात पुसले आणि फोन लावला. भाच्याला म्हणाल्या, "माझ्यानंतर या घरात हे राहणार, हे असेपर्यंत. मग घर तुझं. भांडायचं असेल तर आत्ता भांड, मी मोकळी आहे." पलीकडून बराच वेळ 'आत्या, अगं आत्या, मी काय म्हटलंय का कधी' असं चाललेलं मला ऐकू येत होतं. ताईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि लिफ्टवाल्यांच्या हातात फोन दिला. दोघं पुरुष एकमेकांशी हवापाण्याचं काहीतरी बोलले. पण बोलले.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा कचेरीत. या खेपेला मी दोन चष्मे नेले होते. वकीलबाईंनी तरीही कागदावर पट्टी आडवी धरली आणि माझ्यासाठी फक्त माझी ओळ उघडी ठेवली. लिफ्टवाल्यांची सही शेवटी झाली. त्याआधी त्यांनी पूर्ण करार वाचला, आणि एका ओळीवर ते बराच वेळ थांबले. मी डोकावून पाहिलं. तिथे नात्याच्या रकान्यात 'जोडीदार' असं लिहिलं होतं. त्यांनी बोटाने तो शब्द एकदा चाचपून पाहिला, टायपाचा ठसा उमटलाय का बघतात तसा, आणि सही केली.

वकीलबाईंचं पेन खिशात तसंच राहिलं म्हणून लिफ्टवाले ते परत द्यायला जिन्यावरून मागे गेले. खाली दारात मी आणि ताई दोघंच. पाच दिवस जो प्रश्न मला छळत होता तो मी विचारून टाकला. म्हटलं, ताई, झालं ते छान झालं, पण त्या दिवशी ते खरोखरच बसमध्ये चढले असते तर?

ताईंनी माझ्याकडे बघितलं.

"पुढच्या स्टॉपवर मी उभी होते."